केर्न्सहून कॅम्परव्हॅन: किलोमीटर कमी, मुक्काम जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून पाच जण जुलैत ऑस्ट्रेलियाला येणार: नवरा-बायको, पाच वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेले आई-बाबा. ईशान्य किनाऱ्यावरच्या केर्न्सला कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायची, डेनट्रीचं वर्षावन पाहायचं, मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली ब्रिस्बेनला जाऊन तिथून विमान पकडायचं. हातात दहा रात्री. हे जमेल का, आई-बाबांना झेपेल का, गाडी कोणती घ्यावी, मगरींची भीती कितपत खरी आणि खाण्यापिण्याचं काय?

मी उत्तर क्वीन्सलंडमध्ये कॅम्परव्हॅन आणि मोटरहोम भाड्याने देण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. किल्ली हातात देण्याआधी माणसांना गाडी आणि रस्ता दोन्ही समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सरळच सांगते: ब्रिस्बेन या वेळी सोडून द्या. गाडी केर्न्सला घ्या आणि केर्न्सलाच परत करा.

केर्न्स ते ब्रिस्बेन हे अंतर सुमारे १७०० किलोमीटर आहे. ब्रूस हायवे हा नाव मोठं असलेला रस्ता उत्तरेकडे बराचसा दुपदरीच आहे. एक पदर जाणारा, एक येणारा. त्यात सात मीटर लांबीचं मोटरहोम नव्वदच्या पुढे रेटण्यात शहाणपण नाही. जुलैत इथे हिवाळा असतो, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि अंधार पडल्यावर कांगारूसारख्या छोट्या वॉलबी आणि इतर जनावरं रस्त्यावर येतात म्हणून रात्री चालवू नये. म्हणजे तुमचा दिवस साडेचारला संपला. दहा रात्रींतल्या निम्म्या गाडी हाकण्यातच जातील, आणि ज्या जंगलासाठी एवढ्या लांबून येताय तिथे एक दुपार मिळेल.

त्याऐवजी केर्न्सभोवतीचं रिंगण करा: किनाऱ्याने वर डेनट्री आणि केप ट्रिब्युलेशन, परत येताना मॉसमनहून घाट चढून अ‍ॅथर्टनचं पठार, पठारावरून दुसऱ्या बाजूने इनिसफेलला उतरून मिशन बीच, आणि तिथून बाबिंडामार्गे केर्न्स. इकडेतिकडे फिरणं धरूनही सात-आठशे किलोमीटरच्या आत होतं. समुद्र, प्रवाळ, दोन प्रकारची वर्षावनं, धबधबे, ज्वालामुखीच्या विवरातली तळी, उसाचे मळे आणि छोटी गावं, सगळं त्यात येतं. एका दिवसात फार वेळ गाडी चालवावी लागत नाही. आई-बाबांच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आता गाडी. संकेतस्थळावर गाडी 'चार बर्थ', 'सहा बर्थ' अशी दाखवतात आणि सगळे बर्थ मोजून गाडी ठरवतात. बर्थ म्हणजे झोपायची जागा. तुम्हाला आधी मोजायचेत ते सीटबेल्ट. प्रत्येकाला बेल्ट लावलेली जागा हवीच. चालत्या गाडीत मागे पलंगावर लोळणं कायद्याने बंद आहे. त्यानंतर मुलीची सीट. क्वीन्सलंडमध्ये सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त बालआसनातच बसवावं लागतं. ते ऑस्ट्रेलियन मानकाचं असावं लागतं, त्यामुळे पुण्याहून आणलेलं चालणार नाही. आणि ते आसन मागून पट्ट्याने अडकवायचा आकडा मोटरहोमच्या प्रत्येक सीटला नसतो. बुकिंग करताना हे लेखी विचारा: 'पाच प्रौढ बेल्ट आहेत का, आणि कुठल्या सीटवर पाच वर्षांच्या मुलीचं आसन बसतं?' पैसे भरून झाल्यावर, गाडीसमोर उभं राहून हे कळलं तर पर्याय उरत नाहीत, कारण जुलैत आमच्याकडे जादा गाडी उभी नसते.

पाच जणांना सहा बर्थचंच मोटरहोम लागेल. ते साध्या कारच्या परवान्यावर चालवता येतं. तुमचा महाराष्ट्राचा परवाना इंग्रजीत असतो, तो पर्यटकाला इथे चालतो. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, भाड्याने देणारे काही जण मागतात. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी. गाडीची उंची तीन मीटरच्या वर असते हे मात्र डोक्यात पक्कं बसवा. आरशाच्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर उंची लिहून ठेवा. वाहनतळाची कमान, पेट्रोल पंपाचं छत, रस्त्यावर झुकलेली फांदी यांनी छताचं नुकसान झालं तर बहुतेक करारांत विमा लागू होत नाही, तुम्ही जादा पैसे भरून जबाबदारी शून्य करून घेतली असली तरीसुद्धा. गाडीच्या तळाचं नुकसान आणि पाण्यात गाडी घालणं याचंही तेच. कराराचं ते एक पान शांतपणे वाचा. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.

आई-बाबांना झेपेल का? झेपेल, पण केबिनच्या डोक्यावरचा पलंग शिडीचा असतो, तो तुम्हा दोघांचा. त्यांना मागची बैठक पसरून होणारा पलंग द्या आणि तो रोज रात्री मांडणं-आवरणं तुमच्याकडे घ्या. याहून चांगला उपाय माझ्याकडे येणाऱ्या भारतीय कुटुंबांना मी आवर्जून सुचवते. इथल्या बहुतेक कॅरव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळांवर, गाडीच्या जागेशेजारीच छोट्या लाकडी केबिनही भाड्याने मिळतात. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, बऱ्याच केबिनमध्ये स्वतंत्र न्हाणीघर. दहापैकी चार-पाच रात्री आई-बाबांसाठी केबिन घ्या. ते नीट झोपतील, तुम्ही गाडीत मोकळे राहाल आणि सकाळचा चहा सगळ्यांचा एकत्र गाडीच्या छत्रीखाली होईल. विशेषतः पठारावर हे करा. जुलैत किनाऱ्यावर रात्री सतरा अंशांच्या आसपास असतात, पण सातशे मीटर उंचीच्या पठारावर पारा दहापर्यंत, कधी त्याखालीही जातो आणि गाडीच्या पत्र्याला ती थंडी कळते.

गाडीची यंत्रणा पहिल्या दिवशी अवघड वाटते, दुसऱ्या दिवशी हात बसतो. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज आतल्या स्वतंत्र बॅटरीवर चालतात. ती गाडी चालवताना चार्ज होते. एसी, मायक्रोवेव्ह आणि साधे प्लग मात्र गाडी २४० व्होल्टच्या खांबाला जोडली तरच चालतात. ती जोडणारी वायर पंधरा अँपियरची असते आणि घरातल्या साध्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून पार्कात 'पॉवर्ड साइट', म्हणजे असा विजेचा खांब असलेली जागा घ्यायची. गॅसचा सिलिंडर गाडी चालू करण्यापूर्वी बंद करायचा, न विसरता. बेसिनचं सांडपाणी आणि शौचालयाची कॅसेट (मैला साठणारी, काढता येणारी टाकी) फक्त डम्प पॉइंटवरच, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची. कॅसेटचं काम ऐकायला वाटतं तेवढं किळसवाणं नाही. रोज सकाळी केलं तर पाच मिनिटांचं आहे, तीन दिवस साठवलं तर नाही.

जुलै हा तुमच्यासाठी उत्तम महिना आहे. मे ते ऑक्टोबर हा इथला कोरडा काळ. दिवसा पंचवीस-सव्वीस अंश, घाम नाही. पण 'कोरडा' म्हणजे केर्न्सच्या मानाने कोरडा. वर्षावन आहे, सर कधीही येते, रेनकोट हाताशी ठेवा. दुसरं म्हणजे याच काळात ऑस्ट्रेलियातल्या शाळांची हिवाळी सुट्टी असते आणि दक्षिणेतले निवृत्त लोक थंडी चुकवायला महिनोन्‌महिने कॅरव्हॅन घेऊन इथे येतात. त्यामुळे समुद्राकाठच्या जागा फार आधी भरतात. गाडीआधी मुक्काम ठरवा. 'वाटेत कुठेही थांबू' हे इथे चालत नाही: केर्न्स आणि पोर्ट डग्लसच्या भागात रस्त्याकडेला किंवा समुद्रकिनाऱ्याच्या वाहनतळात झोपल्यास दंड होतो, आणि राष्ट्रीय उद्यानांतल्या तळांना आधी परवाना काढावा लागतो.

पहिली रात्र हॉटेलात काढा. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच नवीन, मोठी गाडी हातात घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन फक्त पासष्ट किलोमीटरवरच्या पोर्ट डग्लसपर्यंत जा. हा कॅप्टन कुक हायवे १९३० च्या दशकात खुला झाला. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र आणि मध्ये नागमोडी रस्ता. पोर्ट डग्लसला किंवा अलीकडच्या एलिस बीचला दोन रात्री राहा.

प्रवाळ पाहायला इथूनच जा, पण आई-बाबांसाठी एक विचार करा. जुलैत आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात आणि बाहेरच्या प्रवाळरांगेपर्यंतचा प्रवास बोटीला चांगलाच हलवतो. लो आइल्स हे बेट किनाऱ्यापासून पंधराएक किलोमीटरवर आहे. तिथपर्यंतचं पाणी तुलनेने शांत, उतरायला वाळू, आणि मुलीला गुडघाभर पाण्यात मासे दिसतात. पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची नाव असते. बाहेरची रांग अधिक रंगीत आहे हे खरं, पण दिवसभर उलट्या करणाऱ्या माणसाला तो रंग दिसत नाही.

आता डेनट्री. इथे मी वेळ मागते, कारण याच्यासाठीच तर येताय. मॉसमनच्या पुढे डेनट्री नदी आडवी येते आणि तिच्यावर पूल नाही. पोलादी दोरांवर सरकणारी फेरी गाड्यांना पलीकडे नेते, काही मिनिटांत. आधी बुकिंग नसतं. रांगेत उभं राहायचं, परतीसह तिकीट घ्यायचं. रात्री उशिरा फेरी बंद होते. पलीकडे गेलात की विजेच्या तारा संपतात. नदीच्या उत्तरेला सार्वजनिक वीजवाहिनी नाही, लोक सौरऊर्जेवर आणि जनरेटरवर राहतात. मोबाइलही बहुतेक ठिकाणी मुका होतो. म्हणून मॉसमनला टाकी भरा, पाणी भरा, नकाशे फोनवर उतरवून घ्या, घरी फोन करून सांगा की दोन दिवस आवाज नसेल. मुक्कामाच्या जागी पॉवर्ड साइट आहे का हे आधी विचारा. नसली तरी दोन रात्री आतल्या बॅटरीवर सहज निघतात, फक्त एसी नाही, आणि जुलैत तो लागतही नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये जास्पर चक्रीवादळानंतर इथे विक्रमी पाऊस पडला, अलेक्झांड्रा रेंजच्या घाटात दरडी कोसळल्या आणि हा भाग बराच काळ तुटला होता. दुरुस्तीची कामं पुढेही चालू राहिली. निघण्याच्या आदल्या दिवशी क्वीन्सलंड ट्रॅफिकचं अ‍ॅप आणि डग्लस नगरपरिषदेची सूचना पाहा. लांब गाड्यांना कधी निर्बंध असतात. निर्बंध असला तर मोटरहोम मॉसमनजवळच्या पार्कात ठेवून वाटाड्यासह दिवसभराच्या छोट्या बसने जा. त्यात काही कमीपणा नाही. उलट वाटाड्या नसता तर तुम्ही ज्याच्यासमोरून निघून गेला असता अशा दहा गोष्टी दिसतात.

हे जंगल सतत टिकून राहिलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या उष्णकटिबंधीय वर्षावनांपैकी आहे. १९८८ मध्ये 'वेट ट्रॉपिक्स' या नावाने ते जागतिक वारसा यादीत गेलं. समोरचं ग्रेट बॅरियर रीफ १९८१ मध्येच गेलं होतं. केप ट्रिब्युलेशनच्या वाळूवर उभं राहिलं की एका हाताला एक वारसा, दुसऱ्या हाताला दुसरा. केप ट्रिब्युलेशन, म्हणजे संकटाचं भूशिर, हे नाव १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने दिलं: त्याचं जहाज जवळच्या प्रवाळावर आदळलं आणि त्याची संकटं इथून सुरू झाली. पण इथे त्याच्या हजारो वर्षं आधीपासून कुकू यलंजी लोक राहत आले आहेत. २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्व कुकू यलंजींना परत देण्यात आली आणि आता ते सरकारबरोबर त्याचा कारभार पाहतात. म्हणून पलीकडे जाण्याआधी मॉसमन गॉर्ज या दरीत त्यांच्या वाटाड्याबरोबर एक फेरी कराच. सुरुवात पाहुण्यांना धुरातून नेण्याच्या विधीने होते. मग कुठल्या पानाचा साबण होतो, कुठलं फळ भिजवून विष काढल्यावरच खाता येतं, हे तो माणूस हातात धरून दाखवतो. तिथे स्वतःची गाडी आतपर्यंत नेता येत नाही, केंद्रापासून त्यांची बस आहे. बाबांना चालणं कमी असलं तरी चालेल.

गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडात भारत आणि ऑस्ट्रेलिया एकत्र होते. ही माहिती शाळेत पाठ केलेली असते, इथे ती समोर उभी राहते. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात वावरलेल्या माणसाला डेनट्रीत कितीतरी ओळखीचं दिसतं: जमिनीवरूनच पसरलेली फळीसारखी मुळं, दुसऱ्या झाडाला विळखा घालून त्याला संपवणारे वड-पिंपळाच्या कुळातले वृक्ष, काटेरी वेत. इथला वेत आपल्या सह्याद्रीतल्या वेतांच्याच प्रजातीगटातला; त्याची आकड्यांची शेपटी सदऱ्यात अडकली की ओढू नका, एक पाऊल मागे या, ती आपोआप सुटते. आणि मग अशा गोष्टी दिसतात ज्या जगात दुसरीकडे नाहीत. इडियोस्पर्मम नावाचं एक झाड आहे, अतिप्राचीन सपुष्प वनस्पतींपैकी एक. ते नामशेष झालं असा समज होता. १९७१ मध्ये इथल्या एका शेतकऱ्याची गुरं मेली, त्यांच्या पोटात मुठीएवढ्या विषारी बिया सापडल्या आणि त्यावरून झाड पुन्हा सापडलं.

हे सगळं पाहायला घाम गाळून चढाई करावी लागत नाही. जिंदालबा, मर्जा आणि दुबुजी अशा तीन पायवाटा आहेत, फळ्या घातलेल्या, सपाट आणि आईंच्या गुडघ्यांना सोसतील अशा. वेळ एकीलाच असेल तर मर्जा घ्या: सुरुवातीला दाट जंगल, आणि शेवटी तीच वाट खारफुटीत शिरते. अर्ध्या तासात जंगल बदलताना दिसतं. सकाळी लवकर जा, बसगाड्यांच्या आधी, आणि दहा मिनिटं कोणीही बोलू नका. मुलीला सांगा की जो पहिला आवाज ओळखेल तो जिंकला.

पायवाट सोडून झुडपात हात घालू नका. गिम्पी-गिम्पी नावाचं हृदयाच्या आकाराच्या मोठ्या पानांचं झुडूप वाटेच्या कडेला आणि उजेडाच्या जागी वाढतं. त्याची काचेसारखी लव कातडीत शिरते. आपली खाजकुइली काही तासांत शमते. याची आग आठवडे, कधी महिने पुन्हा पुन्हा उठते. मुलीला पहिल्या दिवशीच पान दाखवा.

केप ट्रिब्युलेशनपर्यंत डांबरी रस्ता आहे, तिथे गाडी वळवा. पुढचा ब्लूमफील्डचा कच्चा रस्ता फक्त चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांसाठी आहे आणि भाड्याच्या करारात तो निषिद्ध असतो.

मगरींची भीती पूर्ण खरी आहे, आणि नियम पाळले तर धोका फार कमी आहे. इथल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी नद्या, खाड्या, खारफुटी आणि समुद्रकिनाराही वापरतात, वर्षाच्या बाराही महिने. पाण्याच्या काठापासून किमान पाच मीटर लांब उभं राहायचं. तळ टाकायचा तर काठापासून निदान पन्नास मीटरवर आणि भरतीच्या रेषेपासून दोन मीटर उंचीवर. काठावर बसून भांडी घासायची नाहीत, खरकटं टाकायचं नाही, रोज एकाच वेळी एकाच जागी पाण्याजवळ जायचं नाही, कारण मगर सवय हेरते. फेरीच्या रांगेत कंटाळून नदीकाठी फोटो काढायला उतरणं हे तर अजिबात नको. मगर पाहायची असेल तर डेनट्री नदीत तासाभराच्या नावा जातात. जुलैत पाणी थंड, त्यामुळे ओहोटीला त्या चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसण्याची शक्यता चांगली असते.

विषारी जेलीफिशचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे. तुम्ही त्याच्या बाहेर आहात. तरी किनाऱ्यावरच्या खांबाला व्हिनेगरची बाटली का लावलेली असते ते मुलीला सांगून ठेवा आणि समुद्रात उतरायचं तर जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांमध्येच. आणीबाणीचा क्रमांक शून्य-शून्य-शून्य.

मग घाट. मॉसमनहून रेक्स रेंज चढून माउंट मोलॉय, मरीबा, युंगाबरा. गॉर्डनव्हेलहून युंगाबराला चढणारा गिलीज हायवे शेकडो वळणांचा आहे, मोठी गाडी आणि गाडी लागणारी माणसं असताना तो टाळा. पठारावर चित्र एकदम पालटतं: लाल माती, कॉफी, भुईमूग, चहा, दुधाळ गाई. युंगाबराला दोन रात्री राहा. गावातल्याच ओढ्याकाठी सकाळी किंवा संध्याकाळी शांत उभं राहिलं तर प्लॅटिपस दिसतो. अंडी घालणारा, बदकासारख्या चोचीचा हा सस्तन प्राणी पाहिल्यावर आजी-आजोबा नातीपेक्षा जास्त वेळ तिथे थांबतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. जवळच कर्टन फिग: एका वडवर्गीय झाडाच्या पारंब्यांचा सुमारे पंधरा मीटर उंचीचा पडदा. हीच जात भारतातही सापडते. लेक बॅरीन आणि लेक ईचम ही ज्वालामुखीच्या स्फोटविवरांत साठलेली तळी. बॅरीनच्या काठी चहाघर आहे, ईचमला इथली कुटुंबं पोहायला येतात, जुलैत पाणी गार. मिला मिलाजवळ तीन धबधबे एकाच वळसा रस्त्यावर आहेत.

पठारावरून खाली यायला पामरस्टन हायवे. हा मोठ्या गाडीला सोपा. वाटेत मामू इथे झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून चालायचा पूल आहे. खाली इनिसफेल, १९१८ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त होऊन नंतर आर्ट डेको शैलीत उभं राहिलेलं गाव. जवळ मेना क्रीकला होसे पॅरोनेला या स्पॅनिश माणसाने जंगलात बांधलेला किल्लेवजा बगीचा. १९३३ पासून धबधब्यावरची स्वतःची वीज. आवड असेल तर थांबा.

या पट्ट्यात जुलै म्हणजे ऊसतोडणी. उसाच्या छोट्या रुळांच्या गाड्या दिवसरात्र रस्ता ओलांडतात, डब्यांची रांग लांबलचक असते, बऱ्याच फाटकांना दांडा नसतो, फक्त लाल दिवे. ती गाडी चटकन थांबू शकत नाही. दिवा लुकलुकला की थांबा. सांगली-कोल्हापूरकडचं कोणी बरोबर असेल तर त्याला तोडणी यंत्र बघायला आवडेल. पुढे टलीमध्ये ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलाय, कारण १९५० मध्ये या गावात तेवढा पाऊस पडला होता. आंबोलीचा पाऊस पाहिलेला माणूसही तिथे मान वर करतो. आतल्या जिन्याने मुलीला वर न्या.

मिशन बीचलाही दोन रात्री द्या. चौदाएक किलोमीटरची वाळू, नारळ, समोर डंक बेट, आणि जंगल थेट किनाऱ्यापर्यंत. २०११ मध्ये यासी चक्रीवादळ इथेच जमिनीवर आलं. या जंगलाचा राखणदार म्हणजे कॅसोवरी. माणसाएवढा उंच, निळ्या गळ्याचा, डोक्यावर शिरस्त्राण असलेला, उडू न शकणारा पक्षी. मोठी फळं अख्खी गिळून तो बिया दूर नेऊन टाकतो. कितीतरी झाडांच्या बिया पसरवणारा एवढा मोठा दुसरा प्राणी इथे नाही. मादी अंडी घालून निघून जाते, नर ती सुमारे पन्नास दिवस उबवतो आणि पिल्लांना महिनोन्‌महिने सांभाळतो. तुम्ही येताय तेव्हा त्यांचा विणीचा काळ असतो. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर पाट्या लागलेल्या दिसतील. त्या पाटीवरचा वेग पाळणं ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, कारण इथे कॅसोवरी मोठ्या संख्येने मरतात ते गाड्यांखाली. खायला काहीही घालू नका. माणसाकडून खायला शिकलेला पक्षी रस्त्यावर येतो आणि मरतो. समोर आलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, पिशवी पुढे धरून सावकाश मागे सरा. इनिसफेलजवळच्या एटी बे या किनाऱ्यावर तो कधी थेट वाळूवरून चालत जातो.

खाण्याचं: विमानतळावर जे खाद्यपदार्थ आणाल ते सगळे अर्जात जाहीर करा. जाहीर करून जप्त झालं तर दंड नाही, लपवलं तर मोठा दंड. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, पेरायची बियाणी, खवा-पेढे घरीच ठेवा. पाकीटबंद मसाले सहसा चालतात. तांदूळ, डाळी, कणीक केर्न्सला मिळते, तिथेच भरून घ्या. गाडीत गॅस आहे, छोटा कुकर आणलात तर वरण-भात अर्ध्या तासात. फोडणी मात्र गाडीत करू नका: धुराचा भोंगा वाजतो आणि वास गादीत मुरला तर स्वच्छतेचे पैसे लागतात. कॅरव्हॅन पार्कात झाकलेलं स्वयंपाकघर आणि विजेचे तवे असतात, तिथे करा. पठारावर आणि इनिसफेलच्या बाजूला रस्त्याकडेला फळांच्या टपऱ्या असतात, माणूस नसतो, पैसे डब्यात टाकायचे: केळी, पपई, सीताफळाच्या जातीचं कस्टर्ड अ‍ॅपल. आंबा जुलैत नाही. केळीच्या बागांत मात्र पाय ठेवू नका. पनामा रोगाच्या धास्तीने शेतकरी बुटांवरची मातीसुद्धा आत येऊ देत नाहीत.

शेवटचा दिवस केर्न्सकडे परतीचा. बाबिंडाला 'बोल्डर्स' इथे मोठमोठ्या शिळांमधून वाहणारं पाणी पाहा आणि पोहायचं तर फक्त ठरवून दिलेल्या डोहात. खालचा 'डेव्हिल्स पूल' नावाचा डोह सुंदर दिसतो आणि तिथे अनेक तरुण बुडाले आहेत, कठड्याच्या आतच राहा. शेवटची रात्र केर्न्सच्या पार्कात काढा आणि संध्याकाळीच कॅसेट आणि सांडपाणी रिकामं करा, सकाळी डम्प पॉइंटवर रांग असते. टाकी भरून पावती ठेवा, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, घेताना काढले होते तसेच, छतासह. परतीची वेळ आणि विमान यांत निदान चार तास ठेवा.